अधूनमधून बंद पडणारी गाडी : आधी निदान, मग पाना



गाडी एकदाची बंद पडली आणि पुन्हा सुरूच झाली नाही, तर तो त्रास एका दिवसाचा असतो. मिस्त्री येतो, दोष सापडतो, गाडी रस्त्याला लागते. खरा जाच असतो तो चालता चालता मधेच बंद पडणाऱ्या गाडीचा. दहा-पंधरा मिनिटे उभी राहिली की ती काही झालेच नाही अशी सुरू होते. गॅरेजात नेली की तासभर गुमान चालते. मिस्त्री म्हणतो, "यात तर काहीच बिघाड नाही." आणि परतीच्या वाटेवर ती नेमकी नाल्याच्या पुलावर थांबते.

ट्रॅक्टर असो, मालाची पिकअप असो, जुनी जीप असो की घरची छोटी मोटार, हा रोग सर्वांना होतो. त्यात पैसा जातो, बाजाराची वेळ टळते आणि प्रसंगी जिवावरही बेतते. त्यावर घरोघरी एकच उपाय चाललेला दिसतो. आज फिल्टर बदला, उद्या बॅटरी, परवा पंप. भाग बदलला की गाडी आठ दिवस नीट चालते आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत होते.

संत्र्याची पाने पिवळी पडली, तर जाणता बागायतदार लगेच फवारणीचा पंप पाठीवर घेत नाही. कोवळी पाने पिवळी आहेत की जुनी, शिरा हिरव्या राहिल्या आहेत की त्याही पिवळ्या, एकच झाड की सगळी ओळ, बुडाशी पाणी साचते का, हे तो आधी पाहतो. कारण जस्ताची कमतरता, लोहाची कमतरता आणि कुजलेली मुळे या तिन्हींचा रंग लांबून सारखाच दिसतो. गाडीलाही तोच न्याय लावावा. आपण जिला लहरी म्हणतो, ती गाडी लहरी नसते. तिच्या बंद पडण्याला ठरलेली वेळ आणि ठरलेली परिस्थिती असते. आपल्याला ती अजून दिसलेली नसते, इतकेच. ती कशी शोधावी, ते आज पाहू.

आधी जीव सांभाळा

निदानाच्या आधी एक गोष्ट घरातील प्रत्येक चालवणाऱ्याने पाठ करून ठेवावी. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले की दोन गोष्टी बदलतात. ज्या गाडीला पॉवर स्टिअरिंग असते, तिचे चाक एकदम जड होते. ते वळत नाही असे वाटते, पण दोन्ही हातांनी जोर लावला की वळते. दुसरे म्हणजे ब्रेक. ब्रेकला मदत करणारी जी शक्ती इंजिनाकडून मिळते, ती बंद होते. साठलेली शक्ती दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरतीच उरते. म्हणून घाबरून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नये. एकदाच, जोराने, सलग दाबून धरावा.

किल्ली मात्र चालत्या गाडीत कधीही काढू नये. काढली तर स्टिअरिंगला कुलूप लागते आणि गाडी हातची जाते. डावीकडचा दिवा लावून, जेवढा वेग उरला आहे तेवढ्यात गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. चारही दिवे लुकलुकते ठेवावेत आणि लाल त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा. समृद्धी महामार्गासारख्या वेगवान रस्त्यावर बायका-मुलांना गाडीत बसवून ठेवू नये. सर्वांनी उतरून कठड्याच्या पलीकडे उभे राहावे आणि ११२ ला फोन करावा. रेल्वे फाटकात गाडी थांबली, तर आधी माणसे उतरवावीत, गेटमनला सांगावे, मग गाडीचा विचार करावा. उतारावर ट्रॅक्टर-ट्रॉली कधीही न्यूट्रल करून सोडू नये. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि मग ब्रेक पुरत नाही.

ज्या गाडीचा हा दोष अजून सापडलेला नाही, तिच्यात शाळेची पोरे, वऱ्हाडी किंवा बाळंतीण नेऊ नये. यात भीड बाळगू नये.

सहा प्रश्न आणि एक वही

आता निदान. गाडीत एक छोटी वही आणि पेन्सिल दोरीने बांधून ठेवावी. गाडी बंद पडली की जागेवरच पुढील सहा गोष्टी लिहाव्यात.

१) इंजिन थंड होते की तापलेले? सुरू करून किती वेळ झाला होता?
२) टाकीत इंधन किती होते? शेवटचे कधी आणि कुठे भरले?
३) गाडी कोणत्या स्थितीत होती? चढावर ओझे ओढत होती, सपाट रस्त्यावर एका वेगाने जात होती, की थांबताना क्लच दाबल्यावर बंद पडली?
४) कशी बंद पडली? दिवा मालवावा तशी एकदम, की हिसके देत, दम तुटल्यासारखी?
५) त्या क्षणी समोरच्या पट्टीवरचे दिवे लागले, की सगळेच मालवले? घड्याळ किंवा रेडिओ बंद झाला का?
६) पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला आणि त्या वेळात कोणी काय केले? बॉनेट उघडले, टाकीचे झाकण उघडले, तार हलवली, जे केले ते सगळे.

पाच-सहा वेळच्या नोंदी झाल्या की त्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. आपल्या आठवणीत फक्त गैरसोय राहते. वहीत तारीख, वेळ आणि टाकीतले तेल राहते.

चौथ्या प्रश्नाच्या उत्तरानेच निम्मे काम होते. इंजिनाला इंधन लागते, हवा लागते, आणि पेट्रोलच्या गाडीत ठिणगी लागते. इंधन तुटते तेव्हा ते सहसा हळूहळू तुटते. गाडी आचके देते, ताकद सोडते, मग थांबते. वीज मात्र एका क्षणात तुटते. म्हणून एकदम, आवाज न करता बंद पडणाऱ्या गाडीत आधी तारा पाहाव्यात आणि हिसके देऊन मरणाऱ्या गाडीत आधी इंधनाची वाट पाहावी. धावताना नीट चालून केवळ थांबताना बंद पडत असेल, तर हवेच्या वाटेकडे जावे. या नियमाला अपवाद आहेत, पण सुरुवात कुठून करावी हे त्याने ठरते.

टाकीच्या झाकणाची हकीकत

वहीने काय साधते, ते काटोल भागातील एका संत्रा बागायतदार कुटुंबाच्या अनुभवावरून कळेल. त्यांच्याकडे जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाची पिकअप होती. मृग बहराचा माल कळमना बाजारात न्यायचे दिवस. गाडी कधी सरळ नागपूर गाठायची, तर कधी गाव सोडून पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर दम तोडायची. लिलावाची वेळ टळली की फळ उन्हात पडून राही आणि भाव हातचा जाई. फिल्टर बदलून झाला, बॅटरी नवी आली, डिझेलचा पंप उघडून झाला. पंधरा-सोळा हजार रुपये गेले.

त्या घरच्या वहिनी डिझेलच्या खर्चाची वही ठेवत. गाडी कोणत्या दिवशी बंद पडली, हे त्यांनी त्याच वहीत समासात लिहायला सुरुवात केली. महिनाभराने एक गोष्ट उघड झाली. आदल्या संध्याकाळी टाकी पूर्ण भरली, की दुसऱ्या दिवशी गाडी हमखास बंद पडे. टाकी निम्मी असली, तर एकदाही नाही.

उत्तर टाकीच्या झाकणात होते. मूळ झाकण हरवले होते आणि त्याजागी दुसऱ्या गाडीचे, घट्ट बसणारे, पण हवेचे छिद्र नसलेले झाकण आले होते. टाकीतून डिझेल जाते तेव्हा त्याची जागा भरायला बाहेरून हवा आत यावी लागते. ती आली नाही, तर आत ओढ तयार होते आणि पंपाला डिझेल खेचता येत नाही. आता हिशेब करा. साठ लिटरची टाकी काठोकाठ भरली आणि वर तीन लिटर हवा उरली. एक लिटर डिझेल जळाले, की तीन लिटर हवेला चार लिटर जागेत पसरावे लागते. म्हणजे दाब चौथ्या हिश्शाने उतरतो. टाकी निम्मी असेल, तर वर तीस लिटर हवा असते. नागपूरपर्यंत पाच लिटर जळाले, तरी दाब सातव्या हिश्शानेच उतरतो आणि पंप तेवढे निभावून नेतो.

मग गॅरेजात दोष का सापडला नाही? कारण प्रत्येक मिस्त्रीने पहिले काम केले ते टाकीचे झाकण उघडून डिझेल पाहण्याचे. झाकण उघडताच हवा आत गेली आणि गाडी बरी झाली. त्यानंतर जो भाग बदलला, त्याला श्रेय मिळाले. म्हणून सहावा प्रश्न महत्त्वाचा आहे. गाडी सुरू होण्याआधी कोणी काय केले, ते विसरू नये.

ही परीक्षा कोणालाही करता येते. गाडी बंद पडल्यावर दुसरे काही न करता टाकीचे झाकण हळूच उघडावे. हवा आत शिरल्याचा "सूंऽ" असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष हवेच्या वाटेचा. जवळ विडी-सिगारेट नको. झाकण मात्र त्याच गाडीचे, त्याच मॉडेलचे घ्यावे. खिळ्याने भोक पाडू नये, त्यातून धूळ आणि पावसाचे पाणी आत जाते.

काही गाड्यांत हवेची वाट झाकणात नसून वेगळ्या नळीने काढलेली असते. शेडमध्ये उभ्या गाडीच्या अशा नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. कीटकांचा हा उपद्रव आपल्याकडेच आहे असे नाही. २०११ साली माझदा कंपनीने उत्तर अमेरिकेत सुमारे ६५ हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. कारण एका जातीचा कोळी टाकीच्या हवेच्या नळीत जाळे विणत होता.

डिझेलची गाडी आणि ट्रॅक्टर

डिझेल इंजिनाचे तीन वैरी आहेत : हवा, पाणी आणि कचरा.

हवा शिरते ती टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत. रबरी नळीला बारीक भेग, बोल्टखालचे चेपलेले तांब्याचे वायसर, नीट न बसलेला फिल्टर. गंमत अशी की येथून डिझेल बाहेर गळेलच असे नाही, कारण पंप आत खेचत असतो. ओल दिसत नाही म्हणून नळी चांगली, असे समजू नये. तिला बोटांनी वाकवून पाहावे. टाकीत डिझेल कमी असताना, चढावर किंवा तासांच्या कडेला ट्रॅक्टर कलल्यावर तो बंद पडत असेल, तर संशय हवेवर घ्यावा. हवा काढताना फिल्टरवरचा स्क्रू थोडा ढिला करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा.

पाणी येते ते बहुधा आपल्याच ड्रममधून. अर्ध्या भरलेल्या ड्रमात किंवा टाकीत रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतील दमटपणाचे पाणी होते आणि जड म्हणून तळाशी बसते. ट्रॅक्टरची टाकी सकाळी भरण्याऐवजी संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. ड्रम हलवला असेल, तर एक रात्र निवळू द्यावा आणि तळाचे चार बोटे डिझेल काढू नये. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढण्याचा स्क्रू असतो. त्यातून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवावे. पाणी असेल, तर थोड्या वेळात तळाशी वेगळे दिसते.

कचऱ्याची खूण अशी. ओझे ओढताना ताकद कमी होते, गाडी थांबते, थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा चालते. टाकीतील जाळीवर चिकटलेला गाळ ओढ थांबताच खाली बसतो आणि वाट मोकळी होते, म्हणून असे घडते. नवा फिल्टर घालून हा दोष जात नाही. टाकी उतरवून धुवावी लागते.

डिझेलचे इंजिन एकदम बंद पडत असेल, तर डिझेल तोडणाऱ्या सोलेनॉइडची तार पाहावी. पुष्कळ गाड्यांत वीज मिळेपर्यंतच तो डिझेलची वाट उघडी ठेवतो. खड्ड्यात तार क्षणभर सुटली की इंजिन बंद.

येथे एक इशारा देतो. नव्या कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल गाड्यांत, आणि तसेच इंजिन असलेल्या नव्या ट्रॅक्टरांत, नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांत हजार बारहून अधिक दाब असतो. इंजिन चालू असताना जुन्या सवयीने त्या नळ्यांचे नट ढिले करू नयेत, गळती बोटाने चाचपू नये. ती धार कातडी भेदून आत जाते. हे काम जाणकारावर सोपवावे.

पेट्रोलची गाडी आणि आपले ऊन

नागपूरच्या उन्हाबद्दल तुम्हाला सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. नवतपात दुपारच्या डांबरी रस्त्यावर बॉनेटखाली काय होत असेल, त्याची कल्पना करा.

कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते. वाफ पंपाला ढकलता येत नाही आणि गाडी थांबते. सावलीत उभी करून बॉनेट उघडावे, पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवावे. पेट्रोलची नळी इंजिनाच्या तापलेल्या भागाला चिकटली असेल, तर तिला दूर बांधावे.

इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलच त्याला गार ठेवते. नेहमी काटा तळाला टेकवून गाडी चालवणाऱ्यांचा पंप लवकर थकतो. उन्हाळ्यात टाकी निदान पावभर असावी. किल्ली फिरवल्यावर, सेल्फ मारण्याआधी, मागून दोन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो. गाडी बंद पडल्यावर तो आवाज येत नसेल, तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज यांपैकी एकाचा दोष.

गाडी तापल्यावर एकदम बंद पडते, वीस-तीस मिनिटांनी गार झाली की सुरू होते, आणि बंद पडण्याच्या क्षणी गाडी गिअरमध्ये धावत असतानाही इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा धपकन शून्यावर येतो, अशा तीन खुणा एकत्र आल्या, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यावा. इंजिन फिरते आहे हे संगणकाला हाच सेन्सर सांगतो. उष्णतेने आतली तार सुटली की संगणकाला इंजिन थांबल्यासारखे वाटते आणि तो ठिणगी व पेट्रोल दोन्ही तोडतो.

थांबताना किंवा क्लच दाबल्यावरच बंद पडणाऱ्या गाडीत थ्रॉटल बॉडीवर काजळी बसलेली असण्याचा संभव मोठा. ती साफ करणे हे थोड्या वेळाचे आणि थोड्या खर्चाचे काम आहे. आधी ते करावे, मग महाग भागांकडे जावे.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये आपल्याच उसाचे, मक्याचे आणि तांदळाचे इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी जास्त झाले, तर ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल साठवू नये, पावसाळ्यात झाकण घट्ट आहे ना ते पाहावे आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या मऊ किंवा फुगलेल्या दिसल्या, तर बदलून घ्याव्यात.

तारा, उंदीर आणि किल्ल्यांचा जुडगा

एकदम बंद पडणाऱ्या गाडीत पहिली तपासणी फुकटची आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा मोहोर आला आहे का? टोक हाताने फिरते का? फिरत असेल, तर तेच कारण असू शकते. खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने टोके धुवून, पुसून, घट्ट आवळावीत आणि वरून व्हॅसलीन लावावे. बॅटरीची ऋण तार जेथे इंजिनाला आणि बॉडीला जोडलेली असते, तो नट पुष्कळदा गंजलेला असतो आणि तेथे कोणी पाहत नाही. तोही खरवडून आवळावा.

धान्याच्या कोठाराशेजारी गाडी उभी करणाऱ्यांनी उंदरांचा विचार करावा. अर्धी कुरतडलेली तार गॅरेजात काम करते आणि खड्ड्यात सुटते. बॉनेटखाली लेंड्या किंवा तुरीची टरफले दिसली, तर तारांचा जुडगा बोटांनी चाचपावा. त्या आधी बॅटरी सोडावी.

आता किल्ली. आपल्याकडे एकाच कडीत गाडीची, ट्रॅक्टरची, मोटारपंपाच्या पेटीची, गोदामाची आणि कपाटाची किल्ली असते. हे ओझे खड्ड्यात हिंदकळते आणि चावीच्या स्विचला खाली ओढते. ही क्षुल्लक गोष्ट नाही. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीच्या काही गाड्यांत हा स्विच इतका सैल होता, की जड जुडग्याने किंवा गचक्याने तो आपोआप मागे सरके. चालत्या गाडीचे इंजिन बंद होई, स्टिअरिंग जड होई आणि अपघातात उघडायची हवेची पिशवीही उघडत नसे. मार्च २०१० मध्ये तेथे एका तरुण परिचारिकेचा अशा गाडीत मृत्यू झाला. गाडी मधेच बंद पडते, म्हणून तिने ती काही दिवसांपूर्वीच दुरुस्तीला दिली होती. तेथे इंधनाची वाट साफ करून गाडी परत देण्यात आली होती.

तिच्या आई-वडिलांनी दावा लावला. त्यांच्या बाजूच्या अभियंत्याने तिच्या गाडीतला स्विच आणि बाजारातून आणलेला नवा स्विच शेजारी शेजारी ठेवून पाहिले. आतील छोट्या दट्ट्याची लांबी वेगळी निघाली. कंपनीने भाग बदलला होता, पण त्याचा क्रमांक तोच ठेवला होता. २०१४ साली या दोषासाठी जगभरातील सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. "मधेच बंद पडते" ही तक्रार हसण्यावारी न्यायची नसते, ती यासाठी.

आपण एवढे करावे. गाडीची किल्ली एकटीच ठेवावी. आणि गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून, किल्ली जागच्या जागी हलकेच हलवून पाहावी. इंजिन अडखळले, तर स्विच बदलावा.

सेन्सर साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही

नव्या गाड्यांत इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि मिस्त्री यंत्र जोडून दोषाचा क्रमांक वाचतो. हे साधन उत्तम आहे. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. क्रमांक वाचून कागदावर लिहून घेतल्याशिवाय तो पुसू देऊ नये आणि त्याआधी बॅटरीही सोडू नये, नाहीतर पुरावा जाण्याचा संभव असतो. दुसरे, क्रमांक ज्या सेन्सरचे नाव घेतो, तोच खराब आहे असे नाही. त्याची तार, त्याचा जोड किंवा त्याला मिळणारी वीजही खराब असू शकते.

सेन्सर चुकीची साक्ष कशी देतो, हे नागपूरकरांनी पाहिले आहे. ३० मे २०२४ रोजी रामदासपेठेत डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतावरील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर गाजावाजा झाला. जिल्ह्यातील दुसऱ्या काही केंद्रांवर त्याच दिवशी पारा ४४ अंशांच्या आसपास होता. हवामान खात्याने सेन्सरच्या बिघाडामुळे आकडा चुकल्याचे सांगितले. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहिले, म्हणून चूक कळली. गाडीतही सेन्सरचे म्हणणे आपल्या वहीशी ताडून पाहावे. वही म्हणते गाडी थंड असतानाच बंद पडते आणि मिस्त्री म्हणतो गरम होऊन सेन्सर जातो, तर त्याला वही दाखवावी.

दोष कंपनीचाही असू शकतो

जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या इंधनपंपाच्या तपासणीसाठी परत बोलावल्या. मार्च २०२४ मध्ये याच दोन मॉडेलच्या आणखी सुमारे १६ हजार गाड्या बोलावल्या. इंधनपंपाच्या मोटारीतील एका भागामुळे इंजिन बंद पडू शकते किंवा सुरू होण्यास अडचण येऊ शकते, असे कंपनीने त्या वेळी सांगितले. अशा वेळी तो भाग कंपनी फुकट बदलून देते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांना ही सूचना मिळतेच असे नाही, कारण पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. म्हणून गाडीचा चेसिस क्रमांक आरसी पुस्तकावरून लिहून अधिकृत सर्व्हिस केंद्रात विचारावे. घरातील मुलांना फोनवर कंपनीच्या साइटवरही तो पाहता येतो.

मिस्त्रीकडे जाताना

गाडी देताना "मधेच बंद पडते, बघा जरा" एवढेच सांगून येऊ नये. वहीचे पान वाचून दाखवावे. "तापल्यावर, सपाट रस्त्यावर, एकदम, सगळे दिवे चालू असताना, अर्ध्या तासाने सुरू", असे सांगितले की चांगला मिस्त्री अर्धे भाग मनातून बाजूला काढतो. शक्य असेल, तर ज्या परिस्थितीत गाडी बंद पडते, त्याच परिस्थितीत त्याला शेजारी बसवून फिरवून आणावे. एका वेळी एकच भाग बदलावा, म्हणजे गुण कशाचा आला हे कळते. काढलेला जुना भाग मागून घ्यावा. आणि दुरुस्तीनंतर निदान पंधरा दिवस वही चालू ठेवावी. दोष गेला हे आठ दिवस गाडी चालल्याने ठरत नाही. ज्या परिस्थितीत ती हमखास बंद पडे, त्याच परिस्थितीत चार-सहा वेळा चालली, की मग म्हणावे गेला.

घरात लिहिता-वाचता येणारे कोणीही हे काम करू शकते. त्याला पाना-पक्कड लागत नाही. वर दिलेले सहा प्रश्न कापून गाडीच्या सन-व्हायझरमागे चिकटवून ठेवा, आणि पुढच्या वेळी गाडी थांबली की बॉनेट उघडण्याआधी पेन्सिल हातात घ्या.